अकरा धान्यांची वाटी

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचे पत्र आले आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या हट्टाखातर त्यांनी झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी आणली. गेल्या अकरा महिन्यांत मादीने चार वेळा अंडी घालून पिल्ले काढली. बरीचशी पिल्ले ओळखीच्यांकडे गेली, एक नर आणि एक मादी घरीच ठेवली. गेल्या महिन्यात आई मादी अंडे अडकून गेली. दुकानातले पाकीट घालत राहिल्यामुळेच ती गेली, असे ताईंच्या मनाने घेतले आहे. आता त्या घरीच अकरा जिनसांचे मिश्रण करतात: बाजरी, ज्वारीची भरड, नागली, भगर, तांदळाची कणी, गव्हाचा दलिया, तीळ, जवस, राजगिरा, शेंगदाण्याचे कूट आणि बदामाची पूड. घर शाकाहारी आहे, अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई म्हणतात, दूध-पोळी कुस्करून घाला, आम्ही जन्मभर चिमण्यांना तेच घातले. दुकानदार म्हणतो, पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब टाका आणि एकट्या पडलेल्या नराला सोबत म्हणून एक लाल मुनिया न्या. इकडे लेक मादी काथ्याचे तुकडे चोचीत धरून घरट्यासाठी टांगलेल्या मटक्यात शिरू लागली आहे. ताई विचारतात, "मिश्रणात आणखी काय घालू, म्हणजे हिचे आईसारखे होणार नाही?"

---

ताई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायच्या आधी एक काम करा. हे वाचून झाले की उठा आणि पिंजऱ्यातला मटका काढून ठेवा. काथ्याचे तुकडेही वेचून घ्या. अजून अंडे घातलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे आज जमण्यासारखे आहे. पिंजऱ्यात तिच्यासोबत तिचा बाप आणि भाऊ आहेत, त्यामुळे ही वीण तशीही होऊ द्यायची नव्हती.

आता तुमच्या मनातल्या टोचणीबद्दल. तुमची मादी मी पाहिलेली नाही, तेव्हा नेमके काय झाले ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एक हिशेब मांडता येतो. झेब्रा फिंच असते 12 ते 15 ग्रॅमची. तिचे एक अंडे साधारण 1 ग्रॅमचे. एका खेपेला ती 4 ते 6 अंडी घालते. चार खेपा, प्रत्येकी पाच धरा. म्हणजे अकरा महिन्यांत तिने स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजनाची अंडी अंगातून काढली, वर प्रत्येक अंड्याचे कवच अंगातला चुना खर्चून घडवले. अंडे बाहेर ढकलायला स्नायू आवळावे लागतात आणि त्यालाही कॅल्शियमच लागते. ते संपले की अंडे वाटेतच अडते. पाकिटातले धान्य कॅल्शियमला तोकडे पडले असेल, हे खरे. पण एवढ्या खेपा कुठल्याही वाटीतल्या अन्नाने भरून निघाल्या नसत्या. मटका लटकलेला असेल तर झेब्रा फिंच थांबत नाही, तिला आपण थांबवावे लागते. वर्षाला दोन खेपा पुष्कळ झाल्या, आणि मधल्या काळात मटका बाहेर.

तुम्ही अकरा धान्ये गोळा केलीत त्यामागची माया मला कळते. आपल्याकडे आजाऱ्याला बरे करायचे म्हणजे ताटात काहीतरी वाढायचे. पण पक्ष्याला वाटीत काय घातले यापेक्षा त्याच्या पोटात काय गेले ते पाहावे लागते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर असते.

फिंच दाणा कसा खाते ते एकदा जवळून बघा. ती दाणा चोचीच्या कडेला घेते, जिभेने फिरवते, वरचे साल चिरते आणि आतला गर गिळते. साल खाली पडते, अगदी दाण्याच्याच आकाराचे, पण पोकळ. संध्याकाळी वाटी अर्धी भरलेली दिसते, आणि खरे तर ती रिकामी असते. हे मी फार महागात शिकले. येवल्याला एका लग्नाला तीन दिवस गेले होते, शेजारी रोज येऊन बघत होते. वाटी भरलेली दिसली म्हणून त्यांनी दाणे घातले नाहीत. परत आले तेव्हा एक पक्षी तळाशी पडलेला होता आणि वाटीत नुसती फोलपटे होती. चूक शेजाऱ्यांची नव्हती. वाटीवर फुंकर मारून बघा, हे मीच त्यांना सांगितले नव्हते. एवढा छोटा जीव एक दिवससुद्धा उपाशी काढू शकत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ वाटीवर हलकी फुंकर मारायची, फोलपटे उडाली की खाली उरते ते खरे अन्न. गावाला जाताना दोन वाट्या ठेवायच्या.

हाच प्रयोग तुमच्या मिश्रणावर करा. दोन दिवस पिंजऱ्याखाली पांढरा कागद अंथरा. रात्री वाटीत आणि कागदावर उरलेले वेगळे करून बघा. माझा अंदाज सांगते: ज्वारीची भरड, दलिया आणि कणी बरीचशी तशीच पडलेली असेल, तीळ आणि शेंगदाण्याचे कूट मात्र साफ झालेले असेल. पोरांसमोर भाजी-भाकरी आणि फरसाण एकत्र ठेवले तर जे होईल तेच. तेलबियांची चरबी बंद पिंजऱ्यात जिरत नाही, आणि जाड झालेल्या मादीला अंडे घालणे आणखी अवघड जाते. शेंगदाण्याच्या कुटाला दुसरीही भीती आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि त्याचा जेवढा अंश आपल्याला जाणवणारही नाही तेवढ्यानेही इवल्या पक्ष्याचे यकृत बिघडू शकते. कूट आणि बदाम आजपासून बंद. तीळ-जवस रोजच्या वाटीतून काढा. निफाडकडे पारा घसरून आपल्याकडेही हुडहुडी भरते, त्या दिवसांत प्रत्येक पक्ष्यामागे खुरासणीची (म्हणजे कारळ्यांची) एक लहान चिमूट पुरे.

भगरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नाशिककराच्या घरात भगर असतेच. भगर म्हणजे सोललेली वरई. साल गेले की दाण्याचा वरचा सकस थर जातो आणि दाणा लवकर खराब होऊ लागतो. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा जुनी, ओल धरलेली, बुरशी आलेली भगर असते. शिवाय साल चिरणे हा फिंचचा दिवसभराचा उद्योग आहे, तो काढून घेतला की बसल्या जागी एकमेकांची पिसे उपटायला लागतात. तेव्हा धान्य घ्यायचे ते न सोललेले. पेठ-सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूने कोणी येणारे-जाणारे ओळखीचे असेल तर सालासकट वरई आणि नागली मागवा. राळे हल्ली भरडधान्यांच्या दुकानांत मिळते, पण ते बहुधा सोललेले, पांढरट-पिवळे असते. पक्ष्यांसाठी चकचकीत सालीचे राळे हवे.

रोजच्या वाटीसाठी माझे प्रमाण असे: राळे 6 चमचे, बारीक बाजरी 2, सालाची वरई किंवा नागली 1, राजगिरा 1. सालाची वरई मिळाली नाही तर नागलीच घाला, तेवढ्यासाठी अडून बसू नका. एका पक्ष्याला दिवसाला एक ते दीड छोटा चमचा लागतो. बाजरी सिन्नर-येवल्याकडची टपोरी आली तर जाडसर भरडून घ्या, फिंचची चोच तिच्यापुढे लहान पडते.

धान्य जिवंत आहे का, ते मात्र बघा. पन्नास दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा आणि तीन-चार दिवस फडके ओले ठेवा. चाळीसच्या वर दाण्यांना मोड आले तर धान्य ताजे आहे. वीसच दाण्यांना आले तर ते जुनाट आहे, पाकीट कितीही चकचकीत असले तरी. आणि एक गोष्ट कधीही करू नका: कृषी केंद्रातले पेरणीचे बियाणे पक्ष्यांना घालू नका. त्यावर गुलाबी किंवा निळसर रंगाचे बुरशीनाशक चोळलेले असते, ते विष आहे.

आता कॅल्शियम, म्हणजे तुमच्या खऱ्या प्रश्नाचे मर्म. नागलीत कॅल्शियम भरपूर असते, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून ती घातली की काम झाले असे आपल्याला वाटते. पण फिंच नागली खाऊन खाऊन किती खाणार? आणि नागलीतले सगळे कॅल्शियम अंगी लागतही नाही, दाण्यातली फायटेट नावाची द्रव्ये ते धरून ठेवतात. कॅल्शियम वेगळेच ठेवावे लागते आणि ते पक्ष्याला हवे तेव्हा हवे तेवढे घेऊ द्यावे लागते. समुद्रफेस त्याला सगळ्यात उत्तम. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, किंवा पक्ष्यांच्या दुकानात. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वडी असते. एका बाजूने ती कडक असते आणि दुसऱ्या बाजूने नखाने भुरभुरते. भुरभुरणारी बाजू पक्ष्याकडे करून बांधायची, नाहीतर महिनाभर टांगून ठेवली तरी कोणी चोच लावत नाही. तुमच्या घरी शाकाहार कडक आहे म्हणून सांगून ठेवते: समुद्रफेस ही म्हाकुळाच्या जातीच्या समुद्री जीवाच्या पाठीतली वडी आहे. नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा आधी घरात बोला. अंड्याचे टरफल हा दुसरा पर्याय. शेजारून मिळाले तर दहा मिनिटे उकळून, कडक वाळवून, रव्याइतके बारीक करून वेगळ्या वाटीत ठेवता येते. दोन्ही चालणार नसेल तर पशुवैद्याकडून पक्ष्यांसाठीचे कॅल्शियम मात्रेसह लिहून घ्या. पानाचा चुना मात्र अजिबात नको. कोणीतरी तुम्हाला तो हमखास सुचवेल. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही, त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. सकाळी पंधरा-वीस मिनिटे पिंजरा गॅलरीत ठेवा, अर्ध्यावर कापड टाकून, म्हणजे त्यांना सावलीत सरकता येईल. त्या वेळी तुम्ही तिथेच बसा. कावळा आणि मांजर आपण आत वळायची वाटच बघत असतात.

दुकानदाराचे थेंब? पाण्यात टाकलेले जीवनसत्त्व काही तासांत निकामी होते आणि पाणी मात्र बुळबुळीत होते. किती पोटात गेले याचा पत्ताही लागत नाही. द्यायचेच तर पूड घ्या आणि भिजवलेल्या दाण्यांवर भुरभुरवा, पशुवैद्य सांगेल तेवढीच, कारण ड जीवनसत्त्व जास्त झाले तरी घात करते.

मुनियाचे तर नावच काढू नका. लाल मुनिया आपल्या रानातला पक्षी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, म्हणून तो पाळता येतो. आणि तुमचा नर एकटा पडलेला नाही, त्याची दोन पिल्ले त्याच्यासोबत आहेत.

आता अंडे. यावर घरात बरेच बोलणे झाले असेल, पत्रातल्या दोन ओळींवरूनच ते कळते. उकडलेले अंडे हे वीण चालू असलेल्या फिंचचे सर्वोत्तम अन्न आहे, हे मी लपवणार नाही. ज्यांच्या घरी चालते त्यांनी ते पूर्ण कडक उकडावे, बारीक कुस्करावे आणि दोन तासांत उरलेले काढून घ्यावे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, अंड्यासाठी घरात भांडत राहायचे, किंवा शेजारी उकडून लपवून आणायचे. दुसरी, वीणच होऊ द्यायची नाही. मी तुम्हाला दुसरी वाट धरायला सांगेन आणि त्यात काहीही कमीपणा नाही. पिल्ले न काढणारी फिंच धान्य, पालेभाजी, मोड आणि कॅल्शियम यांवर वर्षानुवर्षे ठणठणीत राहते. त्यासाठी मटका बाहेर हवा आणि रात्र मोठी हवी. तुमचा पिंजरा हॉलमध्ये आहे, टीव्ही अकरापर्यंत चालतो. तेवढ्या उजेडात पक्ष्याला वाटते, दिवस मोठा झाला, विणीचा हंगाम आला. संध्याकाळी सातला पिंजरा शांत खोलीत नेऊन झाका, बारा तास अंधार मिळू द्या.

मोडांचेही तसेच. मऊ, ओले अन्न मुबलक मिळाले की फिंच घरटे करायला लागते, म्हणून तुमच्या घरी मोड आठवड्यातून दोनदाच. राळे-बाजरी रात्री भिजवा, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुवा, पांढरे टोक दिसले की द्या. त्यासोबत मोडाचे मूग मोहरीएवढे बारीक चिरून. वरण-भाताचे जे गणित, तेच इथे: धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळीने भरून निघते. आंबूस वास आला तर सगळे फेका. नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी बारानंतर ओले अन्न पिंजऱ्यात ठेवू नका.

पाला रोज चालतो, तो द्याच, कारण कोरड्या धान्यात अ जीवनसत्त्व नावालाही नसते. शेवग्याचा पाला सगळ्यात चांगला, मग मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर. पालक सध्या नको, तो कॅल्शियम अडवतो. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली जुडी भरपूर पाण्यात दोनदा बुडवून, झटकून घ्या. द्राक्षे द्यायची तर चांगली धुवून, अर्धा मणी, तोही कधीतरी. आपल्या द्राक्षबागांवर किती फवारण्या होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. कांदा, लसूण, मीठ-तिखटाचे, चॉकलेट, चहा आणि ॲव्होकॅडो यांपैकी काहीही पिंजऱ्याजवळ जाऊ देऊ नका. तापून धुरावलेले नॉनस्टिक तवे, अगरबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूरही त्यांना सोसत नाही. पोह्यांना फोडणी देता तिथून पिंजरा लांब असू द्या.

नवे अन्न पहिल्या दिवशी कोणी खाणार नाही. दोन-तीन आठवडे जातात. पाला खावा म्हणून दाणे बंद करू नका. रोज त्याच जागी, त्याच वेळी, थोडासा पाला ठेवत राहा. एकाने चोच लावली की बाकीचे येतात.

सासूबाईंचे दूध मात्र थांबवावे लागेल. पक्ष्यांना दूध पचत नाही, त्यातली साखर पचवणारे पाचकच त्यांच्यात नसते. अंगणातल्या चिमण्या दूध-पोळीचे दोन घास खाऊन दिवसभर किडे-बिया वेचायला मोकळ्या होत्या, तुमच्या फिंचना दुसरीकडे जाता येत नाही. पण सासूबाईंना नुसते "नको" म्हणू नका. त्यांच्याकडे अशी एक विद्या आहे जी या पिंजऱ्याला हवी आहे. तुमच्या घरी नवरात्रात घट बसतात का? बसत असतील तर मातीत धान्य कसे पेरायचे, किती पाणी घालायचे, कुजू न देता कसे तरारून आणायचे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पसरट कुंडीत राळे दाट पेरायला सांगा. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब येतील, ते कापून पिंजऱ्यात द्या. एका कुंडीतले तसेच वाढू द्या. अडीच-तीन महिन्यांत त्याला कणसे येतील. दाणा बोटाने दाबला की पांढरा चीक यावा, आपल्या हुरड्याचा असतो तसा, तेव्हा कणीस तोडायचे. रानातली झेब्रा फिंच आपल्या पिल्लांनाही मुख्यतः गवताच्या असल्याच ओल्या दाण्यांवर वाढवते. भाद्रपद-आश्विनात ओळखीच्या शेतातून न फवारलेल्या बाजरीचे कोवळे कणीस मिळाले तर तेही द्या. आपण त्याचा निंबूर भाजून मीठ लावून खातो, त्यांना कच्चे द्यायचे.

लेक मादीवर पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. मटका काढला तरी अंडे अंगात तयार होत आलेले असू शकते. ती तळाशी पिसे फुगवून बसली, शेपूट प्रत्येक श्वासाला खालीवर होऊ लागली, कुंथताना दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. लहान खोक्यात मऊ कापड घाला, बाहेरून गरम पाण्याची पिशवी टेकवून ऊब द्या आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. पोट दाबायचे नाही, तेल लावायचे नाही. गायी-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण पक्षी हाताळणारा कोण ते या आठवड्यातच विचारून त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा असेल तर मुलीला एक काम द्या. दर रविवारी सकाळी एकेक पक्षी छोट्या डबीत घालून वजन करायचे आणि वहीत लिहायचे. झाकणाला भोके पाडा, डबीचे वजन आधी वजा करा. त्याच वेळी बोटाने छातीचे मधले हाड चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखे लागले तर पक्षी खंगतो आहे, सापडतच नसेल तर लठ्ठ झाला आहे. महिन्याभराने त्या वहीतले आकडे मला कळवा, आणि कुंडीतले राळे किती बोटे वर आले तेही.